भोंग्याचं शाब्बास

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, कानांनी बहिरे आहेत. आमच्या चर्चने त्यांना एक काम दिलं, ते या बहिरेपणामुळेच. पुढे त्यांना ऐकू यायला लागलं तेव्हा मोठी पंचाईत झाली. ती कशी, ते सांगतो.

मी त्यांना भाऊजी म्हणतो, बाकी सगळे भोंगा म्हणतात. सगळा जन्म त्यांनी पत्रा दाबायच्या कारखान्यात काढला. तिथली यंत्रं सकाळपासून सुट्टी होईपर्यंत घण घातल्यासारखी पत्र्यावर पडतात. कान गेले, आवाज राहिला. यंत्राच्या पलीकडच्या माणसाला ऐकू जाईल असा आवाज. कारखाना सुटल्यावरही त्यांना तो खाली आणता आला नाही. जेवताना मीठ मागितलं की शेजारीण मीठ घेऊन येते.

कारखान्यातली आणखी एक सवय त्यांना आहे. समोरचा माणूस पत्रा सरकवून सांगतो, "सोड." यंत्रावरच्याने लगेच दांडा ओढायचा नाही. आधी मोठ्याने म्हणायचं, "सोडतोय, बरोबर?" समोरून "बरोबर" आलं किंवा अंगठा दिसला, की मगच ओढायचा. ज्यांना एवढ्याचा कंटाळा आला त्यांची बोटं गेली. भाऊजींची दहाच्या दहा आहेत. लहान मुलं भेटली की ते दोन्ही पंजे पसरून दाखवतात. मी सुतार होतो. माझी साडेनऊ आहेत, म्हणून या विषयावर मी त्यांच्याशी वाद घालत नाही.

आता चर्चचं. दुसऱ्या कुठल्या तरी चर्चमध्ये मुलांच्या बाबतीत वाईट घडल्याची बातमी आली आणि आमची कमिटी खडबडून जागी झाली. कमिटीचे अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले साहेब, चिटणीस शाळेतून निवृत्त झालेल्या मोठ्या बाई. मुलांना शिकवणाऱ्या, गाणं बसवणाऱ्या, सहलीला नेणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांचा दाखला आणायचा असं ठरलं. सगळ्यांनी आणला. सगळे स्वच्छ निघाले. कमिटीला इतका आनंद झाला की दाखले फ्रेम करून सभागृहात लावायचं ठरलं. फ्रेमा मी केल्या. कोपरे असे जुळवले की नख शिरणार नाही. फादरांचा दाखला मधोमध, बाजूला गाण्याचे मास्तर, मग बाकीचे. लग्नाच्या फोटोंसारखे दिसत होते.

फादर तेव्हा नवीन होते. त्यांनी भिंत पाहिली आणि म्हणाले, "छान. म्हणजे कालपर्यंत यातलं कोणी सापडलेलं नाही. उद्याचं काय?"

साहेब म्हणाले, "उद्याचा दाखला पोलीस देत नाहीत, फादर. मी विचारलं होतं."

खरंच विचारलं होतं त्यांनी.

मग फादरांनी नियम केला. कोणताही मोठा माणूस कोणत्याही मुलाबरोबर एकटा बसणार नाही. दुसरा मोठा माणूस नजरेच्या टप्प्यात पाहिजे. यातून फादरसुद्धा सुटणार नाहीत. आणि प्रत्येक खोलीच्या दाराला काच.

काचा मी बसवल्या. दारं जुनी, जाड, लोखंडासारखी. करवतीचं पातं दर दाराला बदलावं लागलं. कापायला लागला त्याच्या कितीतरी पट वेळ खोली कशाला म्हणायचं हे ठरवण्यात गेला. कमिटीने शेवटी व्याख्या केली : जिच्यात खुर्ची आहे ती खोली. वाद्यांच्या कोठीत खुर्ची नव्हती. मी विचारलं, "हिचं काय?" मोठ्या बाई म्हणाल्या, "ती खोली नाही, ते कपाट आहे." कपाटात मी उभा राहू शकत होतो, हात पसरू शकत होतो. पण माझं काम कापायचं होतं, व्याख्येचं नव्हतं. पुढच्या रविवारी पाहतो तर मोठ्या बाईंनी माझ्या सगळ्या काचांना आतून पडदे लावलेले. नक्षीचे, स्वतः विणलेले.

"बाई, काच बघण्यासाठी आहे," मी म्हणालो.

"अहो, पण उघडं उघडं वाटतं!"

फादरांनी पडदे काढायला लावले. बाई दोन आठवडे त्यांच्याशी फक्त प्रार्थनेत बोलल्या.

खरी अडचण आली ती मुलांच्या कन्फेशनची. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो : आपल्या हातून झालेल्या चुका माणूस फादरांना एकट्याला सांगतो. ते तिसऱ्याने ऐकायचं नसतं. त्यासाठी चर्चमध्ये लाकडी पेटी असते, पडद्याची, अंधारी. फादर म्हणाले, "मुलं पेटीत नकोत. अंगणात झाडाखाली बाक टाका. सगळ्यांना दिसलं पाहिजे, कुणाला ऐकू जाता कामा नये. आणि दुसरा माणूस जवळ हवा."

कमिटी बसली. जवळ असून न ऐकणारा माणूस कुठून आणायचा? कुणी म्हणालं, त्याच्या कानात गाणी लावा. करून पाहिलं, तो गाण्याबरोबर गायला लागला. कुणी म्हणालं, कापूस घाला. साहेब म्हणाले, कापूस किती, याचं प्रमाण ठरवावं लागेल. एवढ्यात मागच्या रांगेतून भोंगा वाजला :

"काय चाललंय? मला कोणी सांगेल का?"

हे ते तिसऱ्यांदा विचारत होते. सगळी कमिटी वळून त्यांच्याकडे बघायला लागली. ताई माझ्या शेजारी होती. ती हळूच म्हणाली, "मेलं. आता यांना कामाला लावतात."

परीक्षा झाली. भाऊजी चहा पीत असताना साहेब मागे उभे राहून म्हणाले, "तुमच्या घराला आग लागली." भाऊजींनी बिस्कीट बुडवलं. मोठ्या बाई म्हणाल्या, "तुमची बायको पळून गेली." भाऊजींनी दुसरं बिस्कीट घेतलं. बाईंना अजून शंका होती. "ओठ वाचता येत असतील तर?"

ताई म्हणाली, "बाई, त्यांना छापलेलं वाचायला लावा, संध्याकाळ होते. ओठ कुठले वाचतात!"

नेमणूक एकमताने झाली. दर शनिवारी दुपारी भाऊजी झाडाखालच्या बाकापासून चार पावलांवर खुर्ची टाकून बसायला लागले. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट. कामाला ते कधीच हलगर्जी नव्हते. डोळा बाकावरून हलवायचे नाहीत. एकदा त्यांच्या पायावर मुंग्या चढल्या तरी उठले नाहीत, मूल उठल्यावर उठले. हे मला आवडलं.

भाऊजींच्या मुलीने त्यांच्यासाठी कानाचं यंत्र घेतलं होतं, चांगलं. ते ताईच्या बटणांच्या डब्यात पडून होतं. एकदाच घातलं त्यांनी. तेव्हा त्यांना नळ ठिबकताना ऐकू आला, स्वतःचं चावणं ऐकू आलं, आणि ताई ऐकू आली. काढून ठेवलं. आता तर त्यांना कारणच मिळालं. ताई यंत्र पुढे करायची, ते म्हणायचे, "नोकरी जाईल!" ते शेजारणीलाही ऐकू जायचं.

यात एक गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नव्हती. कन्फेशनची पाळी येईपर्यंत मुलं भाऊजींच्या खुर्चीशेजारी पायरीवर बसायची. ह्या आजोबांना काही ऐकू येत नाही हे त्यांना कळलं, आणि ती त्यांना सगळं सांगायला लागली. फादरांना सांगायच्या त्या चुका, आणि न सांगायच्या त्याही. आईबापांची भांडणं, परीक्षेतली नक्कल, कोण कुणाला आवडतं. भाऊजींना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. मूल बोलायचं थांबलं की ते पाठीवर थाप मारून म्हणायचे, "शाब्बास!" मुलं खूश. खिडकी फोडली, शाब्बास. आजीचे दात लपवले, शाब्बास. फादर मला एकदा म्हणाले, "हल्ली मुलं माझ्याकडे येतात तेव्हा फार हलकी होऊन येतात. मला सांगण्यासारखं काही उरलेलंच नसतं."

बेकरीवाल्याची धाकटी मुलगी सगळ्यात बडबडी. तिला आम्ही चिमणी म्हणायचो. गाण्यात पहिल्या रांगेत उभी राहायची. शनिवारी गाण्याचा सरावही असायचा, म्हणून ती लवकर येऊन भाऊजींपाशी बसायची. तिचे हातवारे एवढे, की भाऊजी म्हणायचे, "तिचं मला निम्मं कळतं." मग तिचे हात कमी झाले. मग ती नुसती येऊन बसायला लागली. एका शनिवारी ती काहीतरी बोलली. एकच वाक्य. बोलून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

भाऊजी म्हणाले, "शाब्बास!"

ती उठली आणि गेली.

त्या संध्याकाळी ते माझ्याकडे आले. बसले नाहीत. "चिमणी काहीतरी बोलली. मी शाब्बास म्हणालो. तिचं तोंड असं झालं." त्यांनी हाताने चेहऱ्यावरून काहीतरी पुसल्यासारखं केलं. "काय म्हणाली असेल?"

मी कागदावर लिहिलं : तिच्या आईला विचारा.

"विचारलं. आईने लिहून दिलं, काही नाही, गाण्याला जायचा कंटाळा करते. मास्तर तर तिच्यावर खूश आहेत. खाऊ देतात, एकटीचा वेगळा आवाज तपासतात म्हणे."

मी पेन्सिल खाली ठेवली. "आवाज कुठे तपासतात?" असं मी नुसतं तोंडाने म्हणालो. त्यांना ऐकू गेलं नाही. मलाच ऐकू गेलं. मी उठून थेट चर्चकडे गेलो आणि फादरांना सांगितलं. फादरांनी तिथल्या तिथे मास्तरांना बोलावून विचारलं. मास्तर हसले. म्हणाले, "दुसरा माणूस असल्याशिवाय मी मुलांपुढे उभाही राहत नाही. खोल्यांना काचा आहेत, बघा की." खोल्यांना काचा होत्याच. फादर म्हणाले, "चिमणीशी बोलायला हवं. पण मी विचारलं तर ती घाबरेल. जो माणूस तिने निवडलाय, तो पाहिजे."

तिने निवडलेला माणूस बहिरा होता.

भाऊजींनी घरी जाऊन बटणांचा डबा पालथा केला. यंत्र सापडलं, जुन्या शर्टाच्या बटणांत. ताई म्हणाली, "इतकी वर्षं माझ्यासाठी नाही घातलं!" ते म्हणाले, "काय?" मग घातलं, आणि म्हणाले, "ऐकू आलं. पुन्हा नको म्हणूस."

सबंध आठवडा त्यांनी सराव केला. नळ, घड्याळ, गाड्या. डोकं दुखायचं, तरी काढायचे नाहीत. ऐकणं हेसुद्धा अंगमेहनतीचं काम आहे, हे मला त्यांच्याकडे बघून कळलं. घाम यायचा त्यांना.

कमिटीला वास लागला. शुक्रवारी साहेब आणि मोठ्या बाई घरी आले.

"तुम्ही ऐकायला लागलाय असं कळतं," साहेब म्हणाले. चोरी पकडावी तसं.

"थोडंफार."

"मग शनिवारी तुम्हाला बसता येणार नाही. आम्हाला बहिरा माणूस पाहिजे. नियम आहे."

"अहो, मी पोरांचं ऐकायला बसणार आहे."

"त्यासाठी नेमणूक नाही," बाई म्हणाल्या. "ऐकण्यासाठी कमिटीत पद नाही."

हे खरं होतं. इतके नियम झाले, दाखले झाले, काचा झाल्या. मुलाला काही सांगायचं असेल तर ते कुणाला, हे कुठेच ठरलं नव्हतं. भाऊजी म्हणाले, "मी खुर्ची लांब टाकतो. कन्फेशनचं ऐकू येणार नाही इतकी. मग चालेल?" साहेबांनी चर्चच्या अंगणात जाऊन चपलांनी अंतर मोजलं. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, फाटकापाशी जागा निघाली. तिथून बाक दिसत होता, त्यावरचं ऐकू येत नव्हतं.

शनिवारी अंगण भरलेलं होतं. आया रांगेत, मास्तर व्हरांड्यात खुर्च्या लावत होते. फादर झाडाखाली एका मुलाशी बोलत होते. मी फाटकाची बिजागरी बसवत होतो. ती खरंच सैल होती, पण त्या दिवशीच बसवायला पाहिजे होती असं नाही.

चिमणी आली. जुन्या जागी खुर्ची नाही म्हणून घुटमळली, मग फाटकापाशी आली आणि खाली बसली. भाऊजी समोर बाकाकडे बघत राहिले. केसांखाली यंत्र दिसत नव्हतं. मला त्यांचे हात दिसत होते. दोन्ही हातांनी गुडघे धरून ठेवले होते.

तिने बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली. मग मला ऐकू येणार नाही इतक्या हळू काहीतरी बोलली. भाऊजींना ऐकू गेलं.

आता इथे माणसाने काय करायला हवं, हे आम्ही नंतर पुष्कळ बोललो. शांत राहायला हवं, पोरीला धीर द्यायला हवा, बाजूला नेऊन आईला बोलवायला हवं. भाऊजींना हे कुणी शिकवलं नव्हतं. त्यांना कारखान्याने एकच शिकवलं होतं. दांडा ओढायच्या आधी खात्री करायची.

भोंगा वाजला.

"मास्तर म्हणतात, वाद्यांच्या कोठीत एकटीनेच यायचं, दार लावायचं, आणि घरी सांगायचं नाही. तुला नाही जायचं. बरोबर?"

रांगेतल्या आया वळल्या. झाडावरचे पक्षीसुद्धा उडाले, ते त्या आवाजानेच. फादर बाकावरून उठले. व्हरांड्यात एक खुर्ची पडली.

मी चिमणीकडे पाहिलं. मला वाटलं, ही आता रडणार, सगळ्या जगासमोर पोरीचं गुपित फोडलं या माणसाने. ती भाऊजींकडे बघत होती. या आजोबांना ऐकू येतं, हे तिला तेव्हाच कळत होतं. मग ती उभी राहिली आणि त्यांच्याच पट्टीत ओरडली :

"बरोबर!"

पुढचं झटपट झालं. तिची आई रांगेतून धावत आली आणि तिला उचललं. फादरांनी मास्तरांना ऑफिसात नेलं, साहेबांना बरोबर घेऊन, दार उघडं ठेवून. आम्ही आतला आवाज ऐकत होतो. मास्तर म्हणत होते, "माझा दाखला भिंतीवर आहे! फ्रेममध्ये आहे!" फादर म्हणाले, "आहे. तपास करायला येतील त्यांना तोही दाखवू." आणि फोन उचलला.

साहेब बाहेर आले. मला म्हणाले, "पण त्या कोठीत खुर्ची नव्हती हो."

मी कोठीकडे गेलो. काच बसवली नाही. दारच काढलं, बिजागऱ्यांसकट, आणि अंगणात आणून उभं केलं. वजनदार होतं. एकट्याने काढायचं काम नव्हतं, पण काढलं. मोठ्या बाई मागून आल्या आणि खालचं टोक धरलं. हात सोलवटले त्यांचे.

चिमणी त्या कोठीत गेली नव्हती. दर वेळी काहीतरी सबब सांगून टाळत होती. हे तिच्या आईने मला सांगितलं. मास्तर पुन्हा आले नाहीत. पोलिसांपुढे आणखी दोन मुलांनी तोंड उघडलं. त्यांचं इथे मी लिहिणार नाही.

ताईने भाऊजींना घरी झापलं. "पोरीची गोष्ट अशी ओरडून सांगतात? कानात बोलायची रीत असते!" भाऊजींना ते पटलं. ते कुजबुजायला शिकतायत. त्यांची कुजबुज सध्या रस्त्याच्या पलीकडपर्यंत आली आहे.

राहिला नोकरीचा प्रश्न. कमिटी पुन्हा बसली. फादर म्हणाले, माणूस हाच हवा. साहेब म्हणाले, पण आता ऐकतो. कन्फेशनच्या वेळी बहिरा आणि इतर वेळी ऐकणारा, असा एकच माणूस कसा नेमायचा? कुणी म्हणालं, यंत्र फादरांकडे द्या. फादर म्हणाले, "माझ्याकडे नको. माझ्यावरच नजर ठेवायला तो बसलाय." कमिटीकडे ठेवायचं तर कुलूप कुणाचं, यावर चहा गार झाला.

शेवटी चिमणीनेच तोड काढली, कमिटीला न विचारता. ती गाण्याला पुन्हा यायला लागली होती. आता गाणं मोठ्या बाई बसवतात, बेसूर, पण उघड्या दारात. एका शनिवारी कन्फेशनला जाताना ती भाऊजींसमोर उभी राहिली आणि हात पुढे केला. भाऊजींनी कानातलं यंत्र काढून तिच्या तळव्यावर ठेवलं. ती मूठ मिटून बाकावर जाऊन बसली. फादरांशी बोलली. परत येऊन यंत्र त्यांच्या हातात दिलं. तेव्हापासून सगळी मुलं तसंच करतात. कमिटीने ते मान्य केल्याचं नंतर कळवलं.

ज्याला काही सांगायचं असतं तो यंत्र देऊन तिथेच थांबतो. भाऊजी ते कानात बसवतात, हाताने खूण करतात, आणि ऐकतात. शाब्बास म्हणणं त्यांनी बंद केलंय. आधी काय ते नीट ऐकून घेतात.

परवा चिमणी थांबली होती. ती वाकून काहीतरी बोलली. अंगणातल्या सगळ्या आयांचे हात थांबले. मीही रंधा थांबवला. भाऊजींनी जमेल तितकी कुजबुज केली :

"नवीन बूट चावतो. उजवा. बरोबर?"

"बरोबर," ती म्हणाली.

पलीकडच्या रस्त्यावरून चांभाराने हाक मारली, "घेऊन या!"